विसार देण्याआधी हद्दीचा दगड पाहा

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बहुतेक काळ सांगली-सातारा भागातल्या तालुक्यांत गेला. आता नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. "ताई, जरा बघा ना, शेजारी म्हणतोय कंपाउंड त्याच्या जागेत आहे." पिशवीत खरेदीखत असतं, सूची दोन असते, सातबारा असतो, बँकेच्या वकिलांचा शोध अहवाल असतो. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेख खात्याने दिलेला मोजणी नकाशा, कुठे आहे असं विचारलं की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको नवऱ्याकडे. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज घालून घर घेतलेलं असतं, आणि ज्या जमिनीवर ते उभं आहे ती जमीन व्यवहाराआधी कुणी मोजलेलीच नसते.

बंगला, रो-हाउस, मोकळा प्लॉट, गावठाणातलं जुनं घर, जिथे घराबरोबर जमीन येते तिथे विसार देण्याआधी सरकारी मोजणी झालेली असावी आणि हद्दीच्या दगडांजवळ तुम्ही स्वतः जाऊन उभे राहिलेले असावेत, एवढंच मला सांगायचं आहे. वकील शोध घेऊन मालकी कुणाची आहे ते सांगतात. ती मालकी जमिनीवर नेमकी कुठून कुठपर्यंत आहे, हे त्यांच्या अहवालात येत नाही आणि येऊही शकत नाही. खरेदीखतातल्या चतुःसीमेवर फार विसंबू नका. 'पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक यांची मिळकत' हा मजकूर बहुधा आधीच्या दस्तातून जसाच्या तसा उतरवलेला असतो. मधल्या काळात शेजारच्या मिळकतीचे तीन मालक बदललेले असतात आणि रस्ता दोन हात सरकलेला असतो.

अर्ज कोणी करायचा?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. मोजणीसाठी अर्ज करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) असावं लागतं. तुम्ही अजून घेतलेलं नाही, त्यामुळे तुमचं नाव नाही. म्हणजे अर्ज विकणाऱ्यानेच करायचा. खर्च तुम्ही उचला, हरकत नाही, पण अर्जदार तो. तो "खरेदी होऊ दे, मग तुमच्या नावाने आरामात करून घ्या" असं म्हणाला तर तिथेच थांबा. खरेदीनंतर मोजणीत जागा कमी निघाली तर ती तुमची कमी असते. खरेदीआधी निघाली तर ती त्याची.

विकणारा सरळ असेल तर तो नाही म्हणत नाही. मोजलेली, दगड रोवलेली जागा त्यालाही चांगल्या भावाने विकता येते. घाई आहे, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं सांगून मोजणी टाळणाऱ्याकडून घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीत जे वाद माझ्या टेबलावर आले, त्यातल्या कितीतरींची सुरुवात अशाच घाईत झालेली होती.

जागा अनेकांच्या नावे असेल तर हद्दकायम मोजणीसाठी, म्हणजे जागेच्या हद्दी नक्की करणाऱ्या मोजणीसाठी, एका सहधारकाचा अर्जही चालतो. पण एकाच सातबाऱ्यातला फक्त एका भावाचा तुकडा वेगळा मोजून हवा असेल, तर ती पोटहिस्सा मोजणी होते आणि तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. अर्जात प्रकार चुकीचा लिहिला तर हवा तो नकाशा हातात येत नाही. घर घेणाऱ्याला बहुतेक वेळा 'हद्दकायम' हवी असते.

आधी घरबसल्या काय तपासायचं

मोजणीच्या आधी कागद जुळतात का ते बघा. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक घ्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-१ आहे की वर्ग-२ ते पाहा. वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही, आणि तो प्रश्न सुटेपर्यंत मोजणीचा खर्चही करू नका. 'इतर हक्क' हा रकाना घाईने उलटला जातो, तो सावकाश वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कुणाच्या जाण्यायेण्याचा हक्क, सगळं तिथे असतं.

यापुढचा एक कागद सहसा कुणी मागत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात त्या गटाच्या आकारबंदाची, म्हणजे क्षेत्र आणि सारा यांच्या मूळ नोंदीची, नक्कल मिळते. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि आकारबंदातलं क्षेत्र एकच असायला हवं. फरक असेल तर सातबाऱ्यावर चूक कधीतरी शिरली आहे, आणि मोजणी होईल ती मोजणी अभिलेखाच्या आधारे. सातबाऱ्यावर तीन गुंठे दिसतात म्हणून जमिनीवर तीन गुंठे भरतीलच असं धरू नका. सर्व्हे नंबर बदलून गट नंबर करणाऱ्या एकत्रीकरण योजनेच्या वेळी काही गावांत नकाशे आणि क्षेत्रं यांचा मेळ बिघडला, त्याची दुरुस्ती अजून चालू आहे. अशा गावात घर घेत असाल तर त्या गटाबद्दल कार्यालयात आधी विचारा.

प्लॉट मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) असेल तर तीन गोष्टी मागा: बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि कमी-जास्त पत्रक. या कमी-जास्त पत्रकाला बोलताना सगळे 'कजाप' म्हणतात. कजाप झालं की प्रत्येक प्लॉटचा वेगळा हिस्सा अभिलेखात येतो. ते झालेलं नसेल तर तुमचा प्लॉट रंगीत माहितीपत्रकात असतो, सरकारच्या नकाशात नसतो. नसलेल्या गोष्टीची हद्द कायम करून देता येत नाही.

महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावर गटाचा आकार मोबाइलवर दिसतो. दिशा, शेजारचे गट, रस्ता कुठून येतो, एवढं समजण्यापुरता तो बघा. त्या नकाशावर मोबाइलचा निळा ठिपका ठेवून "आपण हद्दीच्या आत आहोत" असं म्हणणारे एजंट मी पाहिले आहेत. तो ठिपका कित्येक मीटर इकडेतिकडे असू शकतो, आणि तुमचा वाद दोन-तीन फुटांचाच असणार आहे.

स्वतः टेप धरा

सरकारी मोजणीची तारीख यायला वेळ लागतो. तोवर तीस मीटरचा टेप घ्या, घरातलं एक माणूस बरोबर घ्या आणि प्लॉट स्वतः मोजा. याने हद्द ठरत नाही, पण खोट असेल तर वास येतो.

चारही बाजू मोजून लोक थांबतात. थांबू नका, कर्ण मोजा. तीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट कागदावर १५०० चौरस फूट भरतो. पण तो कोपऱ्यात काटकोन असेल तरच. बाजू ३० आणि ५० कायम ठेवून प्लॉट तिरका असला, तर क्षेत्र कमी होतं. काटकोनी प्लॉटचे दोन्ही कर्ण ५८ फूट साडेतीन-चार इंच यायला हवेत. एक कर्ण ५० फूट आणि दुसरा साडेपासष्ट आला, तर चारही बाजू बरोबर असूनही क्षेत्र साधारण १४३१ चौरस फूट आहे. ६९ फूट गेले. एवढ्या जागेत एक न्हाणीघर आणि संडास आरामात बसतो.

हिशेब सोपा आहे. कर्णाने प्लॉटचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज करून निम्मी करा. त्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करा. निम्मी बेरीज आणि तिन्ही वजाबाक्या एकमेकींना गुणा आणि गुणाकाराचं वर्गमूळ काढा, ते त्रिकोणाचं क्षेत्र. दोन त्रिकोणांचं मिळवलं की प्लॉट. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात हे सूत्र आहे, एका संध्याकाळी मुलांनाच करायला द्या.

एककांचाही गोंधळ इथेच मिटवा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहेतीस बाय तेहेतीस. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. बोलताना दोन्हींना गुंठाच म्हणतात आणि भाव गुंठ्यावर ठरतो. सातबाऱ्यावर अडीच आर असेल तर ते २६९१ चौरस फूट झाले. अडीच गुंठे म्हणून पैसे मोजाल तर २७२२ फुटांचे मोजाल. फुटाला दोन हजारांचा भाव असेल तर साठ हजार रुपये फक्त बोलण्याच्या सवयीत जातात. विसार पावतीत क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहा आणि भावही त्यावरच ठरवा.

अर्ज, फी आणि नोटीस

अर्ज आता ई-मोजणीवर ऑनलाइन भरला जातो. ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीचा प्रकार, जागेचा कच्चा नकाशा आणि लगतच्या सगळ्या धारकांची नावं-पत्ते लागतात. १ डिसेंबर २०२४ पासून मुदतीच्या हिशेबाने मोजणीचे दोनच प्रकार राहिले आहेत, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितचे २००० रुपये आणि द्रुतगतीचे ८०००, शहरी हद्दीत त्याहून जास्त. चलनावर आकडा येतो तोच भरायचा. पैसे ऑनलाइन भरा, पावती जपा.

लगतधारकांच्या यादीवर मेहनत घ्या. ही यादी विकणारा आठवणीतून सांगतो आणि त्यात मेलेल्या माणसांची नावं येतात. लगतच्या प्रत्येक गटाचा, प्लॉटचा ताजा सातबारा काढून नावं घ्या. मोजणीआधी किमान पंधरा दिवस नोटीस जाते. ज्याला नोटीस मिळालीच नाही, तो उद्या हरकत घेऊन उभा राहिला तर त्याची हरकत खरी असते, आणि झालेली मोजणी कमकुवत होते.

नोटिशीच्या पलीकडे, तारखेच्या आदल्या आठवड्यात विकणाऱ्याला घेऊन शेजाऱ्यांकडे स्वतः जा. "काका, अमुक तारखेला मोजणी आहे, तुम्ही थांबाल का? तुमचीही हद्द समोरच ठरेल." तुम्हाला पुढे आयुष्य याच माणसांशेजारी काढायचं आहे. आणि जागेचा खरा इतिहास त्या ओट्यावर बसल्यावरच कळतो: मधली भिंत कुणी बांधली, पावसाचं पाणी कुठून जातं, मागच्या मालकाशी कशावरून बिनसलं होतं.

गावाकडची जागा असेल तर हंगाम बघून तारीख घ्या. आमच्याकडे आडसाली ऊस डोक्यावर गेला की त्यातून एका कोपऱ्यावरून दुसरा दिसत नाही आणि मोजणी पुढे ढकलली जाते. पावसाळ्यात शिवारात पाय ठरत नाही. गळीत झाल्यावर ते वळवाच्या आधी, हा चांगला काळ.

मोजणीचा दिवस

तुम्ही खरेदीदार आहात, अर्जदार नाही, तरी त्या दिवशी जागेवर थांबा. सुट्टी काढा. हद्दीचे दगड, ते रोवायला एक माणूस, पहार, चुना आणि रंगाचा डबा ही तयारी विकणाऱ्याकडून आधीच करून घ्या. नुसत्या लाकडी खुंट्या ठोकून मोजणी आटोपली तर चार महिन्यांनी एकही जागेवर नसते. दगड निदान दीड फूट खोल जायला हवा.

भूकरमापक काय करतो ते समजून घेतलं तर तुम्हाला नीट प्रश्न विचारता येतील. ब्रिटिश काळात, १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून जी पाहणी सुरू केली, त्या परंपरेतली टिपणं आजही आमच्या कपाटांत आहेत. तेहेतीस फुटांची शंकू साखळी, तिचे सोळा आणे, आणि त्यात लिहिलेली प्रत्येक बांधाची मापं. पुढे जमिनीचे हिस्से पडले तशी फाळणी झाली, म्हणजे हिस्स्यांच्या मापांचे वेगळे कागद झाले. या जुन्या मापांवरून नकाशा तयार करायचा आणि तो जमिनीवर बसवायचा, हे आमचं काम. त्यासाठी न हललेल्या खुणा लागतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तो तिशिवेचा दगड, जुनी विहीर, ओढा, जुना बांध. पूर्वी आम्ही प्लेन टेबल मांडून हे करायचो, मग टोटल स्टेशन आलं. आता रोव्हर हे उपग्रहावरून ठिकाण सांगणारं यंत्र आहे, आणि राज्यभरात ७७ ठिकाणी बसवलेल्या स्थिर केंद्रांवरून त्याला अचूक संदेश मिळतो. सेंटिमीटरपर्यंतचं ठिकाण काही क्षणांत कळतं.

रोव्हर फार चांगलं यंत्र आहे. पण तो फक्त तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतो. हद्द कुठे आहे हे त्याला माहीत नसतं, ते टिपण आणि फाळणीच सांगते. म्हणून भूकरमापकाला आदराने दोन गोष्टी विचारा. साहेब, कोणत्या पक्क्या खुणा धरल्या? आणि टिपण-फाळणी काढून आणली आहे का? चांगला भूकरमापक या प्रश्नांनी चिडत नाही. मला कुणी असं विचारलं की मी टेबलाशी बोलावून दाखवायची.

फक्त तुमच्या प्लॉटपुरते चार बिंदू घेऊन काम संपत असेल तर शंका विचारा. आजूबाजूच्या चार-दोन हद्दी आणि वहिवाटी घेतल्याशिवाय नकाशा बसला की सरकला ते कळत नाही. सगळेच बांध एका दिशेला तीन फूट सरकलेले दिसत असतील, तर बहुधा गावाने अतिक्रमण केलेलं नसतं, नकाशाच चुकीचा बसलेला असतो.

प्रत्येक दगडाशी उभं राहून फोटो काढा, फोटोत मागे घराचा कोपरा किंवा झाड अशी ओळख येऊ द्या. शेजाऱ्याने सही नाकारली तर घाबरू नका, भांडूही नका. भूकरमापक तशी नोंद करतो, मोजणी थांबत नाही. आणि त्याला जागेवर हद्दी दाखवून झाल्याशिवाय जाऊ देऊ नका. "नकाशात सगळं येईल" हे पुरेसं नाही.

खाजगी सर्व्हेअरबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यांचं काम मी कमी लेखत नाही. बांधकामाचं माप, चढ-उतार, आर्किटेक्टला लागणारा नकाशा यासाठी त्यांनाच बोलवा. पण त्यांनी दाखवलेली हद्द म्हणजे आज जिथे कुंपण आहे तिथली हद्द. शेजाऱ्याशी वाद झाला तर कार्यालयात आणि कोर्टात भूमी अभिलेखाची 'क' प्रत पुढे येते.

'क' प्रत कशी वाचायची

नकाशा हातात आला की आधी कोपऱ्यातल्या टिपा वाचा, आकृती नंतर. त्यावर दोन प्रकारच्या रेषा असतात, एक अभिलेखाप्रमाणे हद्दीची आणि दुसरी प्रत्यक्ष वहिवाटीची. कोणती कशी दाखवली आहे ते टिपेत लिहिलेलं असतं. दोन्ही एकावर एक असतील तर उत्तम. वेगळ्या असतील तर मधली जागा कुणाच्या ताब्यात आहे, तिचं क्षेत्र किती, हे बघा. विकणाऱ्याने शेजाऱ्याची जागा घेतली असेल तर घराचा तो भाग तुम्ही विकत घेतलाच नाही. शेजाऱ्याने विकणाऱ्याची घेतली असेल तर तुम्ही कागदावर जागा घेता आणि त्याबरोबर एक भांडण घेता. बारा वर्षांहून जास्त काळ उघड, अखंड ताबा असेल तर शेजारी प्रतिकूल ताब्याचा दावा सांगू शकतो. अशा वेळी वकिलांना 'क' प्रत दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजणी अतिक्रमण दाखवते. ते काढून देणं भूकरमापकाच्या हातात नसतं, त्यासाठी बहुतेकदा दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून ते विकणाऱ्यानेच आधी निस्तरावं. मोजणीच मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते.

नव्या पद्धतीच्या नकाशावर हद्दीच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांशही येतात. हे फार मोलाचं आहे. उद्या जेसीबीने दगड उपटला तरी तो बिंदू पुन्हा शोधता येतो.

गुंठेवारी आणि गावठाण

सांगली-मिरज-कुपवाडच्या आसपास घर शोधणाऱ्यांना गुंठेवारीचे प्लॉट हटकून दाखवले जातात. शेताचे तुकडे पाडून विकलेले, रेखांकन नाही, कजाप नाही, कधी तर नुसता नोटरीचा कागद. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वसाहती नियमित करायची वाट दिली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींना ती खुली केली. तेव्हा पहिला प्रश्न हाच: हा प्लॉट नियमित झाला आहे का, आणि त्या आदेशाला जोडलेला नकाशा कुठे आहे? झाला नसेल तर सातबाऱ्यावर पन्नास नावं सामाईक असतात. मोजणी संपूर्ण गटाची होते, तुमच्या तुकड्याची नाही. दोन कुटुंबं एकाच दीड गुंठ्यावर हक्क सांगताना मी पाहिली आहेत, दोघांकडेही पैसे दिल्याचे कागद होते. स्वस्त मिळतं म्हणून भुलू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक असतं, त्याच्याबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. मूळ चौकशीत बोळ कुणाचा, भिंत सामाईक की स्वतंत्र, हे त्यात लिहिलेलं सापडतं. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला देशभर जाहीर झाली, पण ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. ज्या गावांत ते काम पूर्ण झालं तिथे आता मालमत्ता पत्रकं मिळतात. जिथे झालं नाही तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला जातो. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. जुन्या घरात जमिनीइतकंच वर बघा. पागोळ्यांचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, शेजाऱ्याची खिडकी आपल्या परसात उघडते का, सांडपाण्याची मोरी कुठून जाते. हे नकाशात येत नाही, आणि गावठाणातली निम्मी भांडणं यावरूनच असतात.

फ्लॅट घेणाऱ्यांना एवढंच. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यातली चटई क्षेत्राची (कार्पेट एरियाची) व्याख्या बघा: आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. टेपने खोल्या मोजून तो आकडा जुळवा. इमारत जुनी असेल तर सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालं आहे का ते मालमत्ता पत्रकावर पाहा.

रेषा ज्या जमिनीवर दिसत नाहीत

हद्द बरोबर निघाली तरी आत काय बांधता येईल हे वेगळं. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. विकास आराखड्यातला रस्ता प्लॉटच्या पोटातून जात असेल तर तो तिथेच दिसतो. नदीकाठच्या शहरांत पूररेषा नक्की विचारा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. निळ्या पूररेषेच्या आतला, म्हणजे नदीच्या बाजूचा, प्लॉट, हद्दीचे चारही दगड जागेवर असले तरी, राहायला घेऊ नये. विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा गल्लीतल्या दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

विसार पावतीत काय लिहायचं

मोजणीला वेळ लागणार आणि विकणारा तोवर थांबायला तयार नाही, अशी वेळ येतेच. मग विसार थोडका द्या आणि पावतीत ही अट लिहून घ्या. मजकूर साधारण असा:

"लिहून देणार यांनी सदर मिळकतीची हद्दकायम मोजणी करून घेऊन मोजणी नकाशाची 'क' प्रत लिहून घेणार यांना द्यावी व हद्दीच्या खुणा जागेवर दाखवाव्यात. मोजणीत येणाऱ्या क्षेत्रानुसार ठरलेल्या दराने किंमत निश्चित होईल. मोजणीत अतिक्रमण आढळल्यास ते खरेदीखतापूर्वी दूर करून देण्याची जबाबदारी लिहून देणार यांची राहील. तसे न झाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम परत करण्यास लिहून देणार बांधील आहेत."

मुदत घाला, तारीख घाला आणि वकिलांकडून भाषा तपासून घ्या. नोटीस लागू होणं, तारीख, नकाशा हातात येणं हे सगळं धरून मुदत सैल ठेवा. तारीख उलटली की भांडण मुदतीवरून सुरू होतं आणि मोजणी बाजूला राहते.

खरेदीखतात मोजणीचा रजिस्टर नंबर, तारीख आणि 'क' प्रतीप्रमाणे आलेली मापं लिहा. नकाशा दस्ताला जोडा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. चतुःसीमाही त्याच नकाशावरून नव्याने लिहा, जुन्या दस्तातून उतरवू देऊ नका. दस्त नोंदल्यावर फेरफार पडतो, त्याची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. तो मंजूर झाला की नव्या सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र दोन्ही तपासा. हद्दीच्या खुणा सांभाळणं जमीन महसूल अधिनियमानुसार आता तुमची जबाबदारी आहे. कंपाउंड घालायचं असेल तर शेजाऱ्याला आधी सांगा, पाया पूर्ण तुमच्या बाजूला घ्या आणि दगड भिंतीत गाडून टाकू नका. प्रत्येक कोपऱ्याला दगड बाहेरून दिसेल एवढी जागा गवंड्याला सोडायला सांगा.